सागवानी ओटा काळा-चिकट झाला, साफ करून पुन्हा तेल कसं द्यावं?

तळ्याकाठी
१४ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात आमची धानाची शेती आहे आणि शेतातल्या घरामागंच मामा तलाव आहे, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, वऱ्हाडाकडच्या लोकांसाठी सांगून ठेवते. गावातलं आजोबांचं घर सहा वर्षांआधी पाडलं तेव्हा माडीच्या सागवानी फळ्या बाबांनी एकपण विकू दिली नाही. त्याच फळ्यांचा वाढईकडून तलावाकडं तोंड करून ओटा बनवून घेतला, १४ बाय १० फूट, जमिनीपासून दीड फूट वर, खाली ऐनाच्या दांड्या आणि दगडाचे पाये. मुलगा त्याला डेक म्हणतो. बाबा ७८ वर्षांचे आहेत, सकाळच्या चहापासून संध्याकाळी बगळे परत येईपर्यंत त्यांचा मुक्काम तिथंच.

पहिली चार-पाच वर्षं काहीच लावलं नाही, फळ्या राखेसारख्या भुऱ्या झाल्या. मागच्या दिवाळीआधी मी मनावर घेतलं, तालुक्याच्या एका दुकानातून डबल बॉइल अळशीचं, म्हणजे जवसाचं, तेल आणलं, न धुता, फक्त झाडून एकाच दिवशी दोन जाड हात मारले आणि तसंच सोडून दिलं, वाटलं जितकं जास्त तितकं चांगलं मुरेल. तेल वाळलंच नाही. आठ दिवसांनी बाजूच्या खळ्यावर धानाची मळणी लागली आणि सगळा कोंडा उडून त्याच्यावर बसला तो बसलाच, पायाला चिकटायचा, हात लावला तर माशी बसलेल्या गुळासारखं. यंदा पावसाळ्यात त्या चिकटावर काळे ठिपके आले. आता काही फळ्या भुऱ्या, काही पिवळ्या-चिकट, खिळ्यांभोवती काळी वर्तुळं, आणि परवा बाबांच्या तळपायात लाकडाचं कुसळ घुसलं ते सुईनं काढावं लागलं. फोटो टाकलेत.

पाऊस आता गेल्यासारखा आहे. हलका, म्हणजे लवकर येणारा, धान कापणीला आलाय, मळणी सुरू व्हायच्या आत हे काम करायचंय. कुठून सुरुवात करू? शेजारचे म्हणून राहिले ट्रॅक्टरचं जळलं ऑइल मारा, वीस वर्षं बघायला नको. खरं आहे का?

धानकट्टा
१४ ऑक्टोबर, रात्री १०:०५

ताई जळलं ऑइलच मारा. आमच्या गोठ्याच्या खांबाले बापानं मारलं होतं, उधई लागली नाही अजून. फुकट मिळते, कोणत्याही गॅरेजवाल्याले मागा.

रसायनमास्तर
१४ ऑक्टोबर, रात्री १०:५२

धानकट्टा भाऊ, गोठ्याच्या खांबावर कोणी पाय पसरून बसत नाही, इथं म्हातारा माणूस अनवाणी दिवसभर बसणार आहे, म्हणून थोडं कडक सांगतो. इंजिनाचं तेल खनिज तेल आहे, ते कधीच वाळत नाही. वापरलेल्या तेलात काजळी, झिजलेल्या धातूचा चुरा आणि जळण्यातून तयार झालेली कर्करोगकारक संयुगं राहतात, ती कातडीतून आत जातात. आपल्याकडं २०१६ च्या नियमांत वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडते. आणि पहिल्या पावसात ते फळीवरून उतरून कुठं जाईल? तलावात. त्या तलावात शिंगाडा असेल, मासे असतील, जनावरं पाणी पीत असतील.

उधईचा मुद्दा मात्र बरोबर आहे, त्याचं उत्तर वेगळं आहे. लाकूड मातीला टेकू द्यायचं नाही. ताईंचे पाये दगडाचे आहेत, अर्धं काम तिथंच झालं. महिन्यातून एकदा वाकून पायांवर मातीच्या नळ्या चढल्या का एवढं पाहा, दिसल्या तर खरवडून टाका.

धानकट्टा
१४ ऑक्टोबर, रात्री ११:१०

सर, तलावाचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ताई, माझं म्हणणं मागं घेतो.

रंधाकरवत
१५ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

ताई, मी चंद्रपूरकडचा, तीन पिढ्या सुतारकामच. फोटो मोठे करून पाहिले. लाकूड उत्तम आहे, जीव आहे त्यात, घाबरू नका. आमच्या बाजूचा साग म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे, मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरच्या डेपोतूनच गेला, पण जुन्या माडीची फळी त्याच्याहून कमी नाही, इतक्या वर्षांत ती जेवढी वाकायची तेवढी वाकून मोकळी झाली.

आधी लाकूड तपासा. पेचकस घ्या आणि प्रत्येक फळीच्या टोकाला, कडेला, खिळ्याजवळ टोचून पाहा. टणक लागलं तर ठीक, लोण्यासारखं आत गेलं तर तो तुकडा बदलावा लागेल. कडेला जो फिकट पांढरा पट्टा राहते ना, ते बाहेरचं रसाचं लाकूड, सागाचं असलं तरी तेवढ्याला उधई खाते आणि कुजतेही. आतला पिवळा-तपकिरी गाभा सहसा काही होऊ देत नाही. भुरा रंग म्हणजे कुजणं नाही. चाकूच्या टोकानं नखाएवढं खरवडून पाहा, कागदाएवढ्या पापुद्र्याखाली जुना रंग तसाच दिसेल.

मग फळ्यांच्या मधल्या फटी. तुमच्या फटीत पानं आणि कोंडा ठासून भरला आहे, फोटो ३ मध्ये दिसते. ते सगळं पत्र्याच्या पट्टीनं काढा, कारण पाणी तिथं साचते आणि खालच्या ऐनाच्या दांडीचा माथा आधी सडते. फट ४-५ मिलिमीटर मोकळी पाहिजे, पावसाळ्यात लाकूड फुगते त्याला जागा लागते.

आता तो चिकटा. अर्धवट वाळलेलं अळशीचं तेल धुण्याच्या पावडरीनं जात नाही. जाड कापडावर टरपेंटाइन घेऊन घासा, मऊ झालं की खरवडा. आम्ही फुटक्या काचेच्या तुकड्यानं खरवडतो, रंध्यापेक्षा ती बारीक काढते, पण तुम्ही हातमोजे घालून लोखंडी पट्टी घ्या. रेघांच्या दिशेनंच, आडवं नाही. मग धुण्याचा सोडा, १० लिटर गरम पाण्यात अर्धा किलो, प्लॅस्टिकच्या बादलीत, काथ्याच्या ब्रशनं घासा. सोडा लागला की साग एकदम काळा-लाल पडते, तेव्हा लोक हबकतात आणि काम टाकून देतात. टाकू नका, तो रंग पुढच्या धुण्यात परत येते. तारेचा घासा बिलकुल वापरायचा नाही, त्याचे बारीक कण लाकडात बसतात आणि पावसात प्रत्येक कणाचा काळा ठिपका होते.

गाड्या धुवायचं प्रेशरचं मशीनही नको. मऊ रेघा उखडून नेते, वर कडक रेघा उभ्या राहतात, मग कुसळं अजून वाढतात.

तळ्याकाठी
१५ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

काका, इतकं नीट कोणी समजावून सांगितलं नव्हतं. पेचकस घेऊन आत्ताच जाऊन आले. दोन फळ्यांची टोकं मऊ लागली, तलावाकडच्या, बाकी सगळ्या दगडासारख्या. बाबा पण माझ्यासोबत टोचत होते, कोणती फळी माडीवर कुठं होती ते त्यांना आठवते, एका फळीवर त्यांच्या लहानपणचा दिव्याचा डाग आहे, तो जाईल का हो घासताना? तो राहिला तर बरं.

रंधाकरवत
१५ ऑक्टोबर, दुपारी १:२०

जळाल्याचा डाग खोल असते, धुतल्यानं जात नाही, फक्त तिथं खरवडू नका. मऊ टोकं अर्धा फूट कापून तिथं जुन्याच सागाचा तुकडा जोडा, जोड दांडीच्या वर आला पाहिजे, अधांतरी नाही. खिळे काढता आले तर काढून ३०४ नंबरच्या स्टेनलेसचे स्क्रू टाका, आधी छिद्र पाडून. पितळी पण चालतात, पण महाग.

रसायनमास्तर
१५ ऑक्टोबर, रात्री ९:००

काकांच्या सोड्याच्या पुढचं धुणं मी सांगतो, कारण ते विषारी आहे आणि अर्धवट माहितीवर करू नये. ऑक्झॅलिक ॲसिड. मार्बल आणि मोझॅक फरशीला पॉलिश करणाऱ्यांकडं किंवा केमिकलच्या दुकानात मिळते, पांढरे खडे, साखरेसारखे दिसतात, म्हणून डब्यावर मोठ्या अक्षरात विष लिहा आणि स्वयंपाकघराजवळ आणूच नका.

खिळ्याभोवतीचं काळं वर्तुळ म्हणजे लोखंड आणि लाकडातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य यांची शाई आहे, खरोखर शाईच, पूर्वी शाई अशीच बनवत. ऑक्झॅलिक त्या लोखंडाला विरघळवून घेते. सोड्यानं काळं पडलेलं लाकूडही त्यानंच उजळते. प्रमाण लिटरला ४० ग्रॅम, कोमट पाणी, प्लॅस्टिकची बादली. फळी ओली असतानाच लावा, १५-२० मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका, वाळायला लागलं तर अजून पाणी शिंपडा. मग भरपूर पाण्यानं धुवा, दोनदा. नीट धुतलं गेलं नाही तर नंतर पॉलिश पेपर मारताना तीच भुकटी नाकात जाते. रबरी हातमोजे, डोळ्याला चष्मा, आणि शेळ्या, कुत्री, पोरं त्या दिवशी लांब.

धुतलेलं पाणी तलावात जाऊ देऊ नका. ओट्याच्या उताराला एक हात खोल चर खणा आणि त्यात दोन घमेली विझवलेला चुना टाका. ऑक्झॅलिक आणि चुना मिळून न विरघळणारा दगडासारखा क्षार होते, तो चरातच बसून राहते.

कपड्यांचं ब्लीच मात्र नको. त्यानं बुरशी पांढरी दिसते पण लाकडाचे तंतू सुटे होतात.

लाखोळी
१६ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

एक विचारू का, आमच्याकडं जवसाचं तेल नाही, सोयाबीनचं किंवा मोहाच्या बियांचं तेल घरात आहे. तेच लावलं तर? तेल ते तेल ना?

रसायनमास्तर
१६ ऑक्टोबर, दुपारी २:१०

तेल तेलात फरक आहे ताई. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेते आणि हळूहळू घट्ट होऊन लाकडातच कडक बसते. मोह, खोबरं, शेंगदाणा ही तेलं कधीच वाळत नाहीत, लाकडात ओली राहतात, धूळ धरतात. सोयाबीन आणि सरकी मधली, अर्धवट वाळतात, महिनोन् महिने चिकट. आपल्या झाडीपट्टीत धान उभा असतानाच त्याच्या ओलीवर लाखोळीसोबत जवस फेकतात, त्यालाच उतेरा म्हणतात, तेव्हा तेलासाठी लांब जायची गरज नाही, घाणीवर काढून आणा. घाणीचं कच्चं तेल वाळायला आठ-पंधरा दिवस लागतात. दुकानातलं बॉइल्ड तेल एक-दोन दिवसांत वाळते कारण त्यात धातूचे क्षार टाकलेले राहतात, नुसतं उकळलेलं नसते, म्हणून ते चुकूनही खायचं नाही. आणि घरी चुलीवर उकळायचा प्रयोग करू नका, भडका उडाला तर पाण्यानं विझत नाही.

तळ्याकाठी
१६ ऑक्टोबर, दुपारी ३:४५

मग माझं तर बॉइल्डच होतं सर, ते का नाही वाळलं?

रंधाकरवत
१६ ऑक्टोबर, रात्री ८:००

कारण तुम्ही पुसलं नाही. सगळी गोष्ट तिथंच आहे ताई. लाकडाला जेवढं प्यायचं तेवढं ते २०-३० मिनिटांत पिते. वर जे उरलं ते लाकडाचं नाही. ते तसंच सोडलं तर वरून साय धरते, आत ओलं राहते, हवा आत जात नाही. तुम्ही तर भुऱ्या, मळलेल्या लाकडावर जाड दोन हात दिले. ब्रश दहा मिनिटं चालतो आणि कापड अर्धा तास, असं आमचे वडील म्हणायचे. पुसल्यावर हात फिरवला तर तळव्याला फक्त ओलसर वाटलं पाहिजे, चमक दिसली तर अजून पुसा.

पहिला हात पातळ, तेल आणि टरपेंटाइन निम्मं-निम्मं. पुसा. दोन दिवसांनी दुसरा, तीन भाग तेल एक भाग टरपेंटाइन. पुसा. तिसरा नुसत्या तेलाचा, फक्त जिथं लाकूड अजून कोरडं दिसते तिथं. फळ्यांची कापलेली टोकं विसरू नका, तिथून लाकूड नळीसारखं पाणी ओढते, टोकांना तीन-चार वेळा द्या.

पॉलिश पेपर धुऊन पूर्ण वाळल्यावर, ८० नंबर, हातानं. १२० च्या वर जाऊ नका, जास्त गुळगुळीत केलं तर तेल आत जात नाही.

पांढरंसोनं
१६ ऑक्टोबर, रात्री ११:३०

मी यवतमाळचा, कापूसवाला माणूस, लाकडातलं मले काही समजत नाही. पण हा धागा वाचून झोप लागत नाही म्हणून लिहून राहिलो. जवसाच्या तेलाचा बोळा कुठं टाकता ते आधी सांगा.

चार वर्षांआधी एप्रिलात आमच्या दरवाजाच्या चौकटीले वाढईनं तेल पुसलं. दुपारी जेवायला जाताना त्यानं सगळ्या चिंध्या एकत्र गोळा करून आतल्या खोलीच्या कोपऱ्यात टाकल्या. त्याच खोलीत शेवटच्या वेच्याचा कापूस होता, भाव वाढंल म्हणून ठेवला होता, छातीपर्यंत ढीग. बाहेर ऊन असं की पत्र्याला हात लागत नव्हता. तीनेक तासांनी माय म्हणाली जवसाची चटणी करपल्याचा वास येऊन राहिला, चूल पाहून आली, चूल थंड. मी खोलीत गेलो तर चिंध्यांच्या गोळ्यातून बारीक धूर निघत होता, उचलला तर आतून असा तापलेला की हातातून पडला. पायानं ढकलत ढकलत अंगणात आणला आणि काठीनं उकलला तर आतलं कापड लाल होतं, हवा लागली अन् पेटलं. कोणी काडी ओढली नव्हती, कोणी बिडी पीत नव्हतं. कापसापासून दीड हात दूर होता तो गोळा. मायला आजही तो वास आला की ती उठून घरभर फिरते.

ताई, तुमच्याकडं कापूस नसंल पण खळ्यावर कापलेल्या धानाचे पुंजणे असतात, तणसाचे ढीग असतात.

रसायनमास्तर
१७ ऑक्टोबर, सकाळी ७:००

पांढरंसोनं भाऊ, हे मीच आधी सांगायला पाहिजे होतं, चुकलं माझं. तेल ऑक्सिजन घेते तेव्हा उष्णता बाहेर पडते. फळीवर पातळ थर असला की ती उडून जाते, बोळ्यात आत कोंडते, गरम झालं की तेल अजून वेगानं वाळते, अजून तापते. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो तेव्हा तर सुरुवातच गरम.

प्रत्येक चिंधी वापरून झाली की लगेच पाण्यानं भरलेल्या बादलीत बुडवा. किंवा मोकळ्या मैदानात दगडांवर एक-एक सुटी पसरा, एकावर एक नाही, कडक पापडासारखी होईपर्यंत. कडक झाली की भीती संपली. ब्रशही, हातमोजेही, तेल सांडलेलं पोतंही. पॉलिश पेपरचा तेलकट भुसासुद्धा पेटतो.

तळ्याकाठी
१७ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

वाचून अंगावर काटा आला. मागच्या वर्षी मी त्या चिंध्या तशाच गोळा करून लाकडाच्या खोपीत टाकल्या होत्या.

गोसीखुर्दवाला
१७ ऑक्टोबर, सकाळी ११:००

सगळ्यांच्या मध्ये थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. सागाला तेल लागतच नाही. त्याच्या अंगातच तेल आहे. धुवा, कुसळं काढा, आणि भुरा राहू द्या. आमच्या वडिलांनी नावेत टाकलेली सागाची फळी कधीच तेल न पाहता टिकली. एकदा तेल दिलं की दरवर्षीचं लचांड मागं लागते, आणि तलावाकाठच्या दमट हवेत जवसाचं तेल म्हणजे बुरशीचं जेवण.

रंधाकरवत
१७ ऑक्टोबर, दुपारी १२:४५

भाऊ बरोबर बोलून राहिले. तेल न देता साग टिकते, खोटं कशाला सांगू. तेल दिल्यानं आयुष्य दुप्पट होत नाही. पण ताईंच्या वडिलांच्या पायाचा प्रश्न आहे. तेल न दिलेली फळी आपल्या मेमधल्या उन्हात भाजून निघते आणि जूनच्या पहिल्या पावसात एकदम भिजते, त्या हिसक्यानं वरचे तंतू तडकतात, कुसळं त्यातून येतात. तेल तो हिसका कमी करते. बाकी दरवर्षी एक पातळ हात द्यायची तयारी नसेल तर भुराच ठेवा, तो पण चांगला रंग आहे.

बुरशीचं म्हणाल तर नागपूरला तयार डेक ऑइल मिळते, त्यात बुरशीचं औषध आणि ऊन अडवणारा रंग राहते. दमट जागेला ते जास्त चांगलं, हे मी जवसवाला असूनही सांगतो.

लाखोळी
१७ ऑक्टोबर, दुपारी ४:२०

रंगावरून आठवलं, आमची आजी दारांना जवसाच्या तेलात गेरू कालवून द्यायची. तिची दारं आम्ही पोरं म्हणायचो कधीच म्हातारी होत नाहीत. त्याचा काही उपयोग होते का?

रसायनमास्तर
१७ ऑक्टोबर, रात्री ८:१५

आजींना मनापासून नमस्कार. भुरं होण्याचं कारण ऊन आहे, उन्हातले अतिनील किरण लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन तोडतात, पाऊस ते धुऊन नेतो, मागं राहतात ते राखाडी तंतू. पारदर्शक तेल ऊन अडवत नाही. गेरू म्हणजे लोहाचा ऑक्साइड, तो किरण अडवतो आणि स्वतः फिका पडत नाही. लोखंडाच्या खिळ्यासारखे डागही पाडत नाही, कारण तो आधीच गंजून स्थिर झालेला आहे. वस्त्रगाळ करा, लिटरभर तेलाला दोन चमचे पुरे.

तळ्याकाठी
२१ ऑक्टोबर, रात्री ९:००

आधी एका कोपऱ्यातल्या तीन फळ्याच केल्या, काकांनी सांगितलेल्या पद्धतीनं. टरपेंटाइननं चिकटा निघाला तेव्हा कापडावर मागच्या वर्षीचा अख्खा कोंडा आला, धानाचे दाणेसुद्धा. सोडा लावल्यावर फळ्या जांभळट-काळ्या झाल्या, आई म्हणाली आता सगळं गेलं. मग ऑक्झॅलिक. दहा मिनिटं काहीच नाही, आणि मग ब्रशच्या मागं मागं मधासारखा रंग उघडत गेला, खिळ्याचं वर्तुळ आधी निळसर झालं मग पुसलं गेलं. बाबा खुर्ची जवळ ओढून पाहत होते, बोलले नाहीत, फक्त एका फळीच्या गाठीवर बोट ठेवून म्हणाले, ही तुझ्या आत्याच्या पाळण्याखालची. दिव्याचा डाग आहे तसा आहे.

चर खणला, चुना टाकला, पाणी पांढरं दुधासारखं होऊन बसलं. उद्या उरलेल्या फळ्या. वाढई परवा येऊन टोकं जोडणार आहे, स्क्रू आणलेत.

एक शंका, सकाळी दव पडायला लागलंय. तेल कधी देऊ?

रंधाकरवत
२१ ऑक्टोबर, रात्री ९:५०

धुतल्यावर चार-पाच दिवस कडक ऊन खाऊ द्या. मग सकाळी दव उडाल्यावर, १० च्या पुढं, आणि ऊन चढायच्या आत. तापलेल्या फळीवर तेल वरच घट्ट होते. दुपारी ३ नंतर करू नका, रात्रीचं दव ओल्या तेलावर बसलं की दुधी डाग पडतात. आणि मळणी सुरू झाली असेल तर थांबा, फेब्रुवारीत करा. उघडं लाकूड तीन महिन्यांत मरत नाही.

तळ्याकाठी
५ नोव्हेंबर, रात्री ८:३०

झालं काका. २८ तारखेला पहिला हात, ३१ ला दुसरा. घाणीचं घरच्या जवसाचं तेल आणि दुकानातलं बॉइल्ड निम्मं-निम्मं केलं, गेरू सरांनी सांगितलेल्या मापानं. तेल पावणेदोन लिटर गेलं, टरपेंटाइन लिटरभर. मागच्या वर्षी पाच लिटर ओतलं होतं. पुसायला मी, मुलगा आणि शेजारची एक बाई, तिघं होतो, बाबा घड्याळ घेऊन बसले होते, २० मिनिटं झाली की आवाज द्यायचे. चिंध्या मोजून आणल्या होत्या १४, मोजून बादलीत टाकल्या १४.

काल चौथ्या दिवशी पांढरा रुमाल दाबून पाहिला, कोरडा. आजपासून बाजूला मळणी लागली, कोंडा उडून आला आणि झाडूनं निघून गेला. पांढरंसोनं भाऊ, तुमच्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगा, आमची खोपी आता मोकळी केली आहे.

पांढरंसोनं
५ नोव्हेंबर, रात्री ९:१०

सांगतो ताई. मोजून टाकल्या हे वाचून लय बरं वाटलं.

तळ्याकाठी
१९ जुलै, सायंकाळी ६:२०

धागा वर काढते, पावसाळ्याची खबर द्यायची होती. महिनाभर पाणी लागलंय, तलाव सांडव्याला आलाय. ओट्यावर पाण्याचे थेंब अजून मण्यांसारखे उभे राहतात. फक्त दोन जागा आहेत, एक बाबांच्या खुर्चीच्या पायांखाली आणि एक जिथं आई पाय धुवायची बादली ठेवते, तिथं पाणी लगेच मुरते आणि लाकूड गडद होते. बादलीखाली बोटभर जागेत बुरशीचे ठिपके पण दिसले, ब्रशनं गेले. बादलीखाली विटांचे दोन तुकडे ठेवलेत. सगळं पुन्हा करावं लागेल का काका?

रंधाकरवत
१९ जुलै, रात्री ८:४०

नाही. पाऊस गेला की त्या दोन जागा ८० नंबरनं घासा आणि तिथं पातळ हात द्या, बाकीच्याला ओल्या कापडानं पुसून एकच हात. खुर्चीच्या पायांना जुन्या टायरच्या रबराच्या टोप्या करून लावा. गेरू उरला आहे ना?

तळ्याकाठी
१९ जुलै, रात्री ८:५५

उरलाय, बरणीत. आणि यंदा उतेऱ्यावर जवस थोडा जास्त टाकायला सांगितलाय बाबांनी.